द्रव्याची जात : चेहरा घडवायचा तो कशाचा?

(आंबिवली इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मंडळी, कॅरिबियन म्हटलं की आपल्याला कन्हाय, कालीचरण, लारा आठवतात आणि गाडी तिथंच थांबते. आज ती जरा पुढं नेऊ या. विषय व्यक्तिचित्रांचा आहे. पण कॅनव्हासवरची तैलचित्रं नव्हेत. मणी, कापड, खेळणी, फोटो, भंगार असं काय काय जोडून उभं केलेलं, आपण ज्याच्याभोवती फिरून पाहतो, तसलं व्यक्तिचित्र.

सेंट लुशियाचे कवी डेरेक वॉलकॉट यांना १९९२ साली नोबेल मिळालं. त्यांच्या नोबेल भाषणाची सुरुवात त्रिनिदादमधल्या फेलिसिटी नावाच्या गावातल्या रामलीलेपासून होते. गिरमिटियांच्या नातवंडा-पतवंडांची रामलीला! पुढं ते फुटलेल्या भांड्याची गोष्ट करतात. अखंड भांड्याकडे आपण गृहीत धरून बघतो, पण तेच फुटल्यावर तुकडे जुळवत बसतो तेव्हा त्यात जास्त माया असते, असा त्यांचा आशय. मिश्रमाध्यमाची याहून चांगली व्याख्या मला तरी कलेच्या पुस्तकात सापडलेली नाही. आफ्रिकेतून, भारतातून उचलून नेलेल्या माणसांकडे अखंड असं काही उरलंच नव्हतं.

आता ह्यू लॉक. जन्म १९५९, एडिंबरोचा, पण वाढला गयानात, जॉर्जटाउनला. वडील डोनाल्ड लॉक हेही शिल्पकार. ह्यूनं २००४-०५च्या सुमारास राणी एलिझाबेथचे भलेमोठे चेहरे केले. कशाचे? प्लॅस्टिकची फुलं, खोट्या मोत्यांच्या माळा, खेळण्यातल्या तलवारी, रबरी पाली. कल्याण स्टेशनबाहेर दहा-वीस रुपयांना मिळतं ना, तसलं सामान. त्यातल्या एका चेहऱ्याचं नाव आहे ‘कोहिनूर’. आपल्याला वेगळं सांगायला नको.

ही थट्टा आहे का? थोडी आहे. पण लांबून राणी दिसते, जवळ गेलं की राणी विरघळते आणि नुसतं स्वस्त सामान उरतं. जिच्यासाठी संगमरवर नि सोनं राखीव, तिला त्यानं जत्रेतलं प्लॅस्टिक दिलं. द्रव्याची उतरंडच उलटी केली.

हैतीच्या मिरलांड कॉन्स्टंट यांचं काम नेमकं उलट बाजूनं येतं. त्या आईबरोबर लग्नाचे पोशाख शिवणाऱ्या कारखान्यात काम करायच्या. तिथं शिकलेलं मण्यांचं भरतकाम त्यांनी वुडू परंपरेतल्या देवतांच्या ध्वजांवर आणलं. २०२२ला व्हेनिस बिएनालेत ते ध्वज लागले. कापड ताणून आकड्यानं मणी ओवायचे, ही रीत म्हणजे आपल्या आरीवर्कची बहीणच. इथल्या ब्लाउजच्या दुकानात जे हात रात्री जागून लग्नाची ऑर्डर पुरी करतात, तेच हात. फरक एवढाच, की कॉन्स्टंट यांनी ऑर्डरचा ब्लाउज सोडून स्वतःचे देव भरले.

आता घराजवळ येऊ. डोंबिवलीचं ‘शिल्पालय’ किती जणांनी पाहिलंय? ...बरेच हात खाली आहेत. भाऊ साठे, म्हणजे सदाशिव साठे, जन्म १९२६. गेटवेसमोरचा अश्वारूढ शिवाजी त्यांचा, १९६१चा. तिथं आधी पंचम जॉर्ज उभा होता. राजा बदलला, ब्राँझ तेच राहिलं. हे मी खवचटपणानं म्हणत नाही. घोड्याची ती चाल मातीत पकडणं येरागबाळ्याचं काम नव्हे, आणि साठ्यांचा हात चेहऱ्यावर फिरताना कुठंही खोटा पडत नाही. पण ब्राँझ माणसाला एकाच क्षणात गोठवतं. त्याचा घाम, उसनवारी, शेजारी या सगळ्यापासून त्याला सोडवतं. सेनापतीला ते शोभतं. कवीला शोभेलच असं नाही.

त्याच १९२६ साली जन्मलेला दुसरा माणूस घ्या : नारायण सुर्वे. गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांनी वाढवलेलं पोर. शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. २०१०मध्ये ठाण्यात गेले. त्यांचा चेहरा कशाचा करायचा? कुणीही पटकन म्हणेल, बॉबिन, सूत, हजेरीकार्ड. आणि माझं भांडण इथंच आहे. टागोरांना ब्राँझ आणि सुर्व्यांना गिरणीचं भंगार, असं का? हा सन्मान की शिक्का? मिश्रमाध्यमाच्या नावाखाली आपण द्रव्याचीही जात पाडतो. कामगार म्हणजे गंज, दलित म्हणजे चामडं, बाई म्हणजे बांगड्या. असली कामं प्रदर्शनांत खूप बघतो आणि मला ती आळशी वाटतात. लॉक हे करत नाही. तो वस्तू माणसाच्या पायरीवरून ठरवत नाही, पायरीच हलवतो.

अतुल दोडियांची ‘ब्रोकन ब्रँचेस’ मला म्हणून महत्त्वाची वाटते. २००२च्या आसपासचं काम. पोरबंदरच्या गांधी संग्रहालयातल्या कपाटांवरून सुचलेली नऊ लाकडी कपाटं. आत फोटो, हाडं, कृत्रिम अवयव, हत्यारं. चष्मा-चरखा मांडून गांधी उभा करणं सोपं होतं. त्यांनी गुजरातच्या दंगलीनंतरचा काळच कपाटात भरला.

(श्रोत्यांतून प्रश्न : इथल्या एनआरसीच्या माणसांचं असं काही करायचं, तर सुरुवात कुठून?)

चांगलं विचारलंत. रेयॉनचा धागा काढणारी कंपनी, २००९ला टाळं लागलं. इथं निम्म्या घरांत तिची आठवण असेल. पण लगेच धाग्याचे कोन गोळा करू नका. आधी त्या माणसाला विचारा, किंवा घरच्यांना, की तुमच्या मते तुमची वस्तू कुठली. कुणी कंपनीचं कार्ड देईल, कुणी भजनाचे टाळ, कुणी कॅरमचा स्ट्रायकर. जे देतील ते. आणि फेव्हिकॉलनं चिकटवू नका, तारेनं बांधा. नदीकाठची दमट हवा आहे, दोन पावसाळ्यांत कागदाला बुरशी आणि लोखंडाला गंज धरेल. शिवाय ज्याची वस्तू आहे त्याला ती उद्या परत मागता आली पाहिजे.