एका पदार्थाची विकृती ऊर्जा : भंडारदरा धरणाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर बांधलेले भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. १९६९ मध्ये दगडी बांधकामात तडे व गळती आढळल्यानंतर खालच्या अंगाने बट्रेस, म्हणजे आधारभिंती, देऊन ते बळकट करण्यात आले. जुने बांधकाम, नवे आधार व पायाचा खडक यांपैकी भार कोण किती वाहते, हा अशा धरणाच्या सुरक्षिततेचा मूलभूत प्रश्न होय. फायनाईट एलिमेंट पद्धतीत प्रत्येक पदार्थाची विकृती ऊर्जा वेगळी काढून त्यावर प्रकाश टाकता येतो. मात्र हा आकडा काढणे जितके सुलभ, तितकेच त्याचा चुकीचा अर्थ लावणेही सुलभ आहे.

विवेचन

रेषीय स्थितिस्थापक पदार्थात प्रतिबल व विकृती यांच्या गुणाकाराच्या निम्मे म्हणजे ऊर्जेची घनता. प्रत्येक घटकाच्या गॉस बिंदूंवर ती काढून आकारमानावर संकलित करावी आणि त्या पदार्थाच्या घटकांचीच बेरीज घ्यावी. नोडवरील सरासरी प्रतिबले वापरल्यास सीमेवर दोन पदार्थांची मूल्ये एकमेकांत मिसळतात.

याहून गंभीर दोष भाराच्या क्रमाचा आहे. धरण, आधार व पाणी एकाच पायरीत भारित केल्यास, आधार बांधण्यापूर्वीच जुन्या बांधकामाने पेललेले स्वतःचे वजनही अंशतः आधारांच्या वाट्याला जाते. त्यामुळे आधारांची ऊर्जा फुगते व जुने बांधकाम आहे त्यापेक्षा निर्धास्त भासते. म्हणून आधारांचे घटक नंतरच्या पायरीत, प्रतिबलरहित अवस्थेत कार्यान्वित करणे आवश्यक ठरते. ऊर्जा भाराच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने निरनिराळ्या भारांच्या ऊर्जांची नुसती बेरीज-वजाबाकीही ग्राह्य धरता येत नाही.

तिसरी मर्यादा अर्थनिर्णयाची. उदाहरणादाखल, २ मेगापास्कल एकअक्षीय प्रतिबल व १०,००० मेगापास्कल स्थितिस्थापकता गुणांक घेतल्यास घनता दर घनमीटरला २०० जूल येते. प्रतिबल ताणाचे असो वा दाबाचे, आकडा तोच. दगडी बांधकाम दाब सोसते, ताणाला मात्र दुबळे असते. शिवाय खडकाची एकूण ऊर्जा प्रतिमानात त्याचा किती विस्तार घेतला यावर अवलंबून असते.

निष्कर्ष

पदार्थनिहाय विकृती ऊर्जा भारवाटपाचे उपयुक्त निदर्शक आहे, सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे. बांधकामाचा क्रम, ऊर्जेची घनता व ताणाची क्षेत्रे यांच्यासह मांडली तरच ती जुन्या धरणाविषयी काही विश्वासार्ह सांगू शकते.