गाव म्हणजे कोण?

गावाच्या मालकीचे उद्योग उभे राहिले की गाव स्वावलंबी होते, असे सांगणाऱ्यांना मी विचारत आलो आहे : गाव म्हणजे कोण?

सातारा-सांगलीत सहकारी साखर कारखान्यांनी पैसा खेळवला, शाळा-महाविद्यालये उभी राहिली. मीही अशाच एका महाविद्यालयात शिकवतो; ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण उत्पादक सभासद व्हायचे तर ऊस हवा, उसाला जमीन हवी, जमिनीला पाणी हवे. आमच्या घरी यातले काहीच नव्हते. आईने जन्मभर दुसऱ्याच्या उसात खुरपले. कारखान्याच्या वार्षिक सभेचे बोलावणे आमच्या वस्तीत कधी आले नाही. सभासदत्वाच्या अर्जात जात विचारत नाहीत हे खरे, सातबारा मागतात.

1901 साली बाबासाहेब लहानपणी भाऊ-भाच्यांबरोबर मसूर स्टेशनावर उतरले. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते, आणि काम होते तलाव खणण्याचे! त्यांच्याच मुलांना वाटेत रात्रभर कोणी पाणी दिले नाही. पुढे 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत, मसुद्याने खेड्याऐवजी व्यक्तीला एकक मानले याचे त्यांनी समाधान व्यक्त केले. त्या समाधानामागे मसूरची ती रात्र असावी, असे मला वाटते.

म्हणून येरळाकाठचे बळीराजा धरण मला महत्त्वाचे वाटते. 1980 च्या दशकात खानापूर तालुक्यातल्या बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीतून नदीच्या वाळूवर हक्क सांगितला, मर्यादित वाळू विकून धरणासाठी पैसा उभा केला. या धरणाचे कौतुक करणारे बहुतेक लेख वाळूपाशीच थांबतात. खरी गोष्ट पुढे आहे : पाण्यात भूमिहीनालाही हिस्सा, हे तत्त्व. आपल्या वाट्याचे पाणी घेऊन त्याने दुसऱ्याची जमीन कसावी, अशी ती कल्पना. वाळूसाठी सरकारशी भांडताना सारा गाव एक होतो. पाणी वाटताना शेजाऱ्याशी भांडावे लागते, आणि तेथे भलेभले पुरोगामी गप्प बसतात.

तरी माझा आक्षेप उरतोच. जमीन वाट्याने द्यायची की नाही हे जमीनवाला ठरवणार, आणि तो वस्तीतल्या माणसाला ती सहजासहजी देईल, असे मानायला मी तयार नाही. जमिनीचा प्रश्न बाजूला ठेवून पाण्याची समता अर्धीच राहते.

हल्ली गावाच्या उद्योगांचे आराखडे घेऊन उत्साही तरुण माझ्याकडे येतात. मी आधी भागधारकांची यादी मागतो. परवा एकाने आणली. आमच्या वस्तीतले एकही नाव तीत नव्हते. वस्तीतल्या बायका पुढच्या पानावर सापडल्या, मजुरीच्या खर्चात.