डोरेमॉनचं भिरभिरं

आमच्या पिढीच्या स्मरणरंजनाचा एक साचा ठरलेला आहे. शिनचॅन किंवा डोरेमॉनची जुनी क्लिप कुणीतरी ग्रुपवर टाकतं, पाच-सहा जण 'काय दिवस होते यार' लिहितात आणि विषय संपतो. क्लिप अर्थातच हिंदीत असते. घरी मराठी बोलत वाढलेल्यांना आपलं बालपण हिंदीत आठवतं, याचं ग्रुपवर कुणालाच नवल वाटत नाही. ते वाटायला हवं असेल, तर त्या डबिंगकडे हळवं न होता, एक कलाकृती म्हणून पाहावं लागेल.

आधी श्रेय द्यायला हवं. डोरेमॉनचा हिंदी अवतार चांगलाच होता. सोनल कौशल यांच्या आवाजातला डोरेमॉन कधी आईसारखा वैतागतो, तर कधी बरोबरीच्या मित्रासारखा चिडवतो. जपानी टीव्ही-अ‍ॅनिमेशनमध्ये बोलताना ओठांचे सगळे आकार काढत नाहीत. तोंड उघडं, अर्धवट, बंद अशा मोजक्या चित्रांवर काम भागतं. त्यामुळे वाक्याची लांबी जमली की कुठलीही भाषा त्या तोंडात बसते. हिंदी लेखकांनी या सवलतीचं सोनं केलं. नोबिताचं रडगाणं आणि जियानची दादागिरी भाषांतरित वाटत नाही, आपल्याच गल्लीतली वाटते.

खरी गंमत डोरेमॉनच्या पोटावरच्या खिशात आहे. डोक्यावर चिकटवून उडायचं त्याचं यंत्र जपानीत 'ताकेकोप्टर' आहे. 'ताके' म्हणजे बांबू. जपानी मुलं 'ताकेतोम्बो' नावाचं बांबूचं खेळणं दोन्ही तळहातांत फिरवून हवेत सोडतात. त्याचा शब्दशः अर्थ बांबूचा चतुर. म्हणजे बाविसाव्या शतकातून आलेलं यंत्र मुळात आजोबांनी तासून दिलेलं खेळणं आहे. फुजिको एफ. फुजिओ यांच्या कल्पनाशक्तीचा जीव या जोडणीत आहे. हिंदीत ते 'बॅम्बू कॉप्टर' झालं आणि जोडणी तुटली. कुठेही नेणारा दरवाजा जपानीत 'दोकोदेमो दोआ' आहे. त्यातला दरवाजा इंग्रजीतून आलेला, पण 'कुठेही' मात्र अस्सल जपानी. हिंदीत तो सरळ 'एनीव्हेअर डोअर' झाला. 'कहीं भी' म्हणावंसं कुणाला वाटलं नाही.

म्हणजे या मालिकेत रडणं, मार खाणं, माफी मागणं हिंदीत आणि शोध सगळे इंग्रजीत. आम्ही रोज संध्याकाळी ही वाटणी नकळत गिरवत होतो. मराठीला त्यात जागाच नव्हती. आमच्या सोसायटीत मराठी मुलंमुली भातुकलीसुद्धा हिंदीत खेळायची. जेवायला हाक आली की मराठी सुरू व्हायचं. आज ऑफिसात माझ्या कोडमधली प्रत्येक नावं इंग्रजी, चहाच्या टेबलावरचे विनोद हिंदी आणि मराठी फक्त आईच्या फोनपुरती. ही सवय एकट्या डोरेमॉनने लावली असं नाही, पण तालीम तिथेही झाली.

बांगलादेशाने २०१३ मध्ये हिंदीतल्या डोरेमॉनचं प्रक्षेपण थांबवलं, कारण मुलं बंगालीऐवजी हिंदी बोलू लागल्याची तक्रार होती. निदान त्यांना प्रश्न दिसला. उपाय मात्र मला पटत नाही. मुलांचा आवडता मित्र काढून घेतल्याने त्यांना भाषेची गोडी लागत नाही. तमिळमधली वाट जास्त शहाणपणाची वाटते. २००७ मध्ये तिथे 'चुट्टी टीव्ही' ही मुलांची वाहिनी सुरू झाली. तिच्यावर 'डोरा द एक्स्प्लोरर'मधलं बूट्स नावाचं माकड 'बुज्जी' झालं. तमिळ तरुणही आज जुन्या कार्टूनच्या आठवणी काढतात, पण त्यांच्या आठवणीत बुज्जी तमिळ बोलतो.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणण्याच्या निर्णयावरून महाराष्ट्र पेटला आणि जूनअखेर सरकारने ते शासन निर्णय मागे घेतले. तो विरोध मला योग्यच वाटतो. पण शाळा सुटल्यानंतरच्या वेळाबद्दल त्या वादात फारसं कुणी बोललं नाही. मूल भाषा शिकतं ते हसताना, भांडताना, खोटं बोलताना. हे सगळं आमच्यासाठी टीव्हीवर हिंदीत उपलब्ध होतं, तेही उत्तम दर्जाचं. त्याला तोडीस तोड मराठी आमच्या घरच्या टीव्हीवर नव्हतं. म्हणून हिंदी डबिंगवरचं आमचं प्रेम खोटं ठरत नाही. त्या प्रेमात एक रिकामी जागा आहे, एवढंच.

ती भरायला फार लागत नाही. पत्र्याचं, कागदाचं, पानाचं, वाऱ्यावर गरगरणारं खेळणं आपल्याकडेही आहे आणि त्याला झकास नाव आहे: भिरभिरं. डोरेमॉनने खिशातून तेच काढलं असतं, तर बांबूच्या चतुराशी तुटलेलं नातं मराठीत पुन्हा जुळलं असतं. शब्द लांबीला थोडा कमी पडतो खरा. तोंड एकदोनदा जास्त उघडलंच, तर 'हे घे भिरभिरं' म्हणावं.