आभासी वास्तव व पक्षाघात-पुनर्वसन : प्रगती-मापनाची चिकित्सा

पक्षाघातानंतर दुर्बल झालेल्या हाताच्या पुनर्वसनात व्हर्च्युअल रिॲलिटी अर्थात आभासी वास्तवाचा वापर गेल्या दोन दशकांत वाढला आहे. पडद्यावरील वस्तू उचलणे, चेंडू टोलविणे अशा खेळांतून एकच हालचाल वारंवार करवून घेतली जाते. तिचा वेग, आवाका व अचूकता यांची नोंद संगणक आपोआप ठेवतो. वाढत्या गुणांचा आलेख रुग्णास उमेद देतो, हे मान्यच करावे लागेल. परंतु गुण वाढले म्हणजे हात सुधारला, हे गृहीतक चिकित्सेस पात्र आहे.

कोपर पुरेसे सरळ होत नसल्यास रुग्ण धड पुढे झुकवून लक्ष्य गाठतो. केवळ हाताची जागा टिपणारी प्रणाली या पर्यायी हालचालीलाही यशच मानते. शिवाय सरावाने खेळातील कौशल्य वाढते. सदऱ्याची गुंडी लावता येईलच असे नाही. म्हणूनच प्रमाणित चाचण्यांचे महत्त्व उरते. १९७५ मध्ये मांडलेली फुगल-मेयर मापनश्रेणी हाताच्या हालचालींना ६६ पैकी गुण देते, तर वुल्फ चाचणी ठरावीक कृतींना लागणारा वेळ मोजते.

अशा मापनाचे मोल २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एव्हरेस्ट' अभ्यासातून दिसते. चार देशांतील १४१ रुग्णांपैकी एका गटास नेहमीच्या उपचारांसोबत निन्टेन्डो वीचे खेळ, तर दुसऱ्यास पत्ते, बिंगो यांसारखे साधे खेळ देण्यात आले. वुल्फ चाचणीनुसार दोन्ही गट सुधारले. त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. तुलनेचा गट नसता, तर सुधारणेचे सारे श्रेय यंत्रासच गेले असते. कॉक्रेनच्या २०२५ च्या आढाव्यात हाताच्या कार्यक्षमतेबाबत या तंत्राचा लाभ आढळतो. मात्र तो अल्प आहे.

याचा अर्थ यंत्राच्या नोंदी निरुपयोगी आहेत असा नव्हे. रोजचा सराव किती झाला, हे त्या उत्तम सांगतात. तथापि त्यांच्या जोडीला धडाच्या हालचालीचे निरीक्षण, ठरावीक अंतराने प्रमाणित चाचणी आणि घरी दुर्बल हात किती वापरला जातो याची विचारपूस आवश्यक आहे. उपचार पुढे चालू ठेवावेत की थांबवावेत, हा निर्णय अशा नोंदींवर अवलंबून असतो. तो केवळ आलेखावर सोपविल्यास पडद्यावर जिंकणारा रुग्ण जेवणाच्या ताटापाशी मात्र परावलंबीच राहण्याचा धोका संभवतो.