त्रेसष्ट ओळींचा तक्ता आणि चार पदे

पुस्तक : अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल अल्गोरिदम्स. लेखक : ज्याँ मेयूस. प्रकाशक : विलमन-बेल, अमेरिका. पहिली आवृत्ती १९९१, दुसरी १९९८.

हौशी अभ्यासकांनी लिहिलेल्या कितीतरी खगोलगणिती प्रोग्रॅमचे मूळ या पुस्तकात सापडते. दुसऱ्या आवृत्तीतील २२ व्या प्रकरणापुरताच आपण येथे विचार करू. विषय आहे अक्षांदोलनाचा. संपातचलनामुळे पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी पुरी करतो आणि ती करताना किंचित डुलतोही. हे डुलणे जेम्स ब्रॅडली यांनी १७४८ साली जाहीर केले.

मेयूस यांची रीत सरळ आहे. दिनांकावरून पाच कोन काढायचे, ६३ ओळींच्या तक्त्याप्रमाणे पदे मांडायची आणि बेरीज करायची. भोगातील व अक्षाच्या कलातील फरक मिळतात. १० एप्रिल १९८७ साठी ते −३.७८८ व +९.४४३ विकला येतात. असे सोडवलेले उदाहरण दिल्यामुळे आपला प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही हे कोणालाही तपासता येते. हा या पुस्तकाचा मोठा गुण होय.

उणीव आहे ती अर्थाची. हे आंदोलन मुख्यतः चंद्रामुळे होते, मुख्य आवर्तन १८.६ वर्षांचे, एवढे लेखक सांगतात. पण तक्त्यातील ओळ आणि आकाश यांचे नाते उलगडत नाहीत. वर्गात नेमके तेच हवे. त्यासाठी याच प्रकरणातील छोटे सूत्र घ्यावे :

भोगातील फरक = −१७.२० साइन (राहू) − १.३२ साइन (२ रवी) − ०.२३ साइन (२ चंद्र) + ०.२१ साइन (२ राहू)

राहू म्हणजे चंद्रकक्षेचा आरोही पात. त्याची फेरी १८.६ वर्षांची. रवीच्या कोनाची दुप्पट का? पृथ्वीच्या मध्यावरील फुगवट्याला सूर्य पिळतो तो विषुववृत्ताच्या उत्तरेस किंवा दक्षिणेस असताना. संपाताच्या दिवशी हा पीळ शून्य होतो. म्हणून आवर्तन सहा महिन्यांचे. चंद्राचे तसेच, पंधरवड्याचे. वरील दिनांकाला हे सूत्र आम्ही लावून पाहिले. उत्तर −३.८६ आले, फरक ०.१ विकलेहूनही कमी!

दुसरा मुद्दा दशांश स्थळांचा. हा तक्ता १९८० च्या सिद्धांताचा, मूळ १०६ पदांतून निवडलेला. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २००३ पासून तेराशेहून अधिक पदांचा नवा सिद्धांत लागू केला. तेव्हा जुन्या तक्त्यावर चालणारा प्रोग्रॅम विकलेचे चार दशांश दाखवीत असेल, तर शेवटच्या अंकांवर विसंबू नये. पडद्यावरील अंक आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्याला येथेच कळावे.

१७ विकला क्षुल्लक वाटतील. पण तेवढे अंतर कापायला सूर्याला सुमारे सात मिनिटे लागतात. वसंतसंपाताचा क्षण तितका पुढेमागे होऊ शकतो. तिथी मात्र बदलत नाही. का, ते विद्यार्थ्यांना विचारावे. तिथी चंद्र व सूर्य यांच्या भोगांच्या वजाबाकीवरून ठरते, एवढी सूचना पुरे.