चित्राची पाठचिकित्सा : फोकस-स्टॅकिंगच्या संदर्भात

हस्तलिखित आणि छायाचित्र ही दोन्ही संशोधनात पुरावा म्हणून येतात. परंतु दोहोंकडे पाहण्याची आपली दृष्टी एक नाही. हस्तलिखित कोणी, केव्हा आणि कशावरून उतरून घेतले, हे विचारल्यावाचून आपण त्यातील अक्षरावर विसंबत नाही. छायाचित्रापुढे मात्र हा सावधपणा गळून पडतो. समोर जे होते ते एका क्षणी, एका ठिकाणाहून, जसेच्या तसे नोंदले गेले, असे आपण गृहीत धरतो. डिजिटल कॅमेऱ्यामुळे रूढ झालेल्या फोकस-स्टॅकिंगच्या पद्धतीने या गृहीताचा आधारच काढून घेतला आहे. या पद्धतीने सिद्ध होणारे चित्र ही नोंद नव्हे. ती संपादित संहिता होय, आणि म्हणून तिला पाठचिकित्सेचे नियम लावले पाहिजेत, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

पद्धत थोडक्यात अशी. लहान वस्तू जवळून टिपताना भिंगाला तिचा एक पातळ थरच स्पष्ट दिसतो. वस्तूची प्रतिमा संवेदकावर मूळ आकाराएवढी उमटत असेल आणि अ‍ॅपर्चर एफ/८ असेल, तर हा थर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्या पुढचे-मागचे सारे धूसर. अ‍ॅपर्चर आणखी बारीक करून थर वाढविता येतो. परंतु इतक्या जवळून एफ/१६ हे छिद्र प्रत्यक्षात एफ/३२ चे काम करते आणि प्रकाशाच्या विवर्तनामुळे स्पष्ट भागही मऊ पडू लागतो. म्हणून फोकस पुढून मागे क्रमाक्रमाने सरकवीत अनेक चित्रे घ्यावयाची आणि प्रत्येकातील स्पष्ट तेवढा भाग निवडून संगणकाकरवी एकच चित्र सिद्ध करावयाचे. इंग्रजीतील ‘स्टॅक’ या शब्दाला येथे ‘रास’ म्हणणे युक्त होणार नाही. राशीला क्रम नसतो. नाण्यांची किंवा ताटल्यांची असते ती ‘चळत’. या चळतीतील मधले एक चित्र जरी गळले, तरी अंतिम चित्रात त्या जागी धूसर पट्टा राहतो.

कॅमेऱ्याची मांडणी ही सामान्यतः निव्वळ पूर्वतयारी समजली जाते. वस्तुतः ती संपादनाची नियमावली आहे. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवावयाचा; एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून कायम ठेवावयाचे; ऑटोफोकस बंद करावयाचा; आयएसओ कमीत कमी ठेवावयाचा; चित्रे रॉ स्वरूपात साठवावयाची; बटण बोटाने न दाबता दुरून किंवा टायमरने चालवावयाचे. या साऱ्या सूचनांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे, आणि ते भाषाशास्त्राच्या अभ्यासकास परके नाही. ‘काळ’ आणि ‘गाळ’ या जोडीत एकाच ध्वनीचा भेद आहे, म्हणूनच अर्थभेदाचे कारण तो ध्वनी होय असे आपल्याला म्हणता येते. त्याचप्रमाणे चळतीतील लागोपाठच्या दोन चित्रांत फोकसवाचून दुसरा कोणताही भेद असता कामा नये. प्रकाश बदलला, रंग बदलला किंवा वस्तू हलली, तर संगणक कशाची निवड करीत आहे हे सांगता येणार नाही.

अर्थात हे लघुतम युग्म पूर्णांशाने कधीच साधत नाही. भिंगाचे कडे फिरवून फोकस बदलला तर प्रतिमेचा आकार किंचित बदलतो. कॅमेराच रुळावरून सरकविला तर पाहण्याची जागा बदलते. संगणक चित्रे लहानमोठी करून जुळवून घेतो, आणि संपादनाचा पहिला हस्तक्षेप येथेच होतो. दुसरा प्रश्न पायरीचा. प्रत्येक पायरी स्पष्ट थराच्या जाडीपेक्षा लहान हवी, म्हणजे लगतचे थर एकमेकांवर थोडे चढतील. २०१७ साली आलेल्या निकॉन डी८५० या कॅमेऱ्यात फोकस आपोआप सरकविण्याची सोय आहे. तीत ३०० पर्यंत चित्रे आणि १ ते १० या आकड्यांनी पायरीची रुंदी ठरविता येते. परंतु हे आकडे मापनाची एकके नव्हेत. ती तरतमभाव दाखविणारी विशेषणे आहेत. ‘पायरी ५’ एवढ्याच नोंदीवरून दुसऱ्या कॅमेऱ्यावर तोच प्रयोग कोणालाही पुन्हा करता येणार नाही.

यापुढचा टप्पा निवडीचा. संगणकाला वस्तूचे ज्ञान नसते. जेथे लगतच्या बिंदूंतील उजेड-अंधाराचा भेद तीव्र, तेथे फोकस आहे, एवढेच तो जाणतो. या कसोटीवर मुख्यतः दोन रीती चालतात. एका रीतीत प्रत्येक जागेची खोली ठरवून एकेका चित्रातील भाग उचलला जातो. तीत रंग आणि पोत मूळच्यासारखे राहतात, पण एकमेकांवरून जाणाऱ्या केसांच्या ठिकाणी ती गोंधळते. दुसरीत चित्राचे सूक्ष्म-स्थूल तपशिलांचे स्तर पाडून प्रत्येक स्तरातील तीव्र अंश एकत्र केले जातात. ती केसांचे जाळे उत्तम सोडविते, पण खोटा कणीदारपणा वाढविते आणि तीव्रता मुळापेक्षा अधिक दाखविते. एकाच चळतीतून अशा दोन भिन्न संहिता सिद्ध होतात. त्यांपैकी कोणती खरी, हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणती कशासाठी ग्राह्य, हे विचारणे योग्य.

या दृष्टीने ‘मायक्रोस्कल्प्चर’ ही लेव्हॉन बिस या ब्रिटिश छायाचित्रकाराची चित्रमाला परीक्षणीय आहे. ती २०१६ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात प्रदर्शित झाली. तेथील संग्रहातील कीटक २०० मिलिमीटरच्या भिंगापुढे दहापट मोठे दाखविणारे सूक्ष्मदर्शकाचे भिंग बसवून टिपलेले आहेत. दोन चित्रांमधील पायरी १० मायक्रॉनची आणि एका कीटकासाठी सुमारे ८,००० चित्रे. काही मिलिमीटरांचे कीटक येथे मीटरांत मोजावे इतके विशाल झाले आहेत, आणि त्यांच्या कवचावरील खळगे, कंगोरे व केस यांची रचना जी स्पष्टता पावली आहे ती साध्या डोळ्यास अप्राप्य आहे. या यशाविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

परंतु बिस यांच्या पद्धतीत चळतीखेरीज आणखी एक क्रिया आहे. एका कीटकाचे सुमारे ३० विभाग पाडून प्रत्येक विभाग त्याला शोभेल अशा निराळ्या प्रकाशात टिपलेला असतो आणि मग ते विभाग सांधले जातात. पृष्ठभागाचा उंचसखलपणा आपण छायेवरून ओळखतो. त्यासाठी प्रकाशाची दिशा एक असावी लागते. येथे शृंगिकेवरचा प्रकाश एकीकडचा आणि पंखावरचा दुसरीकडचा असू शकतो. म्हणजे एका अवयवाचा पोत विश्वासाने वाचावा, पण दोन अवयवांची उंची छायेवरून ताडून पाहू नये. व्यक्तिचित्रणातून आलेल्या या कलावंताने कीटकांची व्यक्तिचित्रे काढली, हे त्याच्या हेतूशी सुसंगतच आहे. त्याने आपली रीत आणि आकडे उघडपणे सांगितले, हेही त्याच्या श्रेयाचे. उणीव एवढीच, की सांधे कोठे आहेत हे चित्र स्वतः सांगत नाही.

संपादित संहितेने असे सांगणे शक्य असते काय? मराठी वाचकास याचे उत्तर घराजवळ सापडेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती अशाच प्रकारची कृती आहे. तीत सिद्ध झालेली संहिता जशीच्या तशी कोणत्याही एका हस्तलिखितात नाही. तथापि तिच्यावर विसंबता येते. कारण पानाच्या तळाशी पाठभेद दिलेले आहेत आणि जेथे संपादकास खात्री वाटली नाही त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. शिवाय वि. सी. सुखठणकरांनी परस्परांहून स्वतंत्र अशा परंपरांच्या एकवाक्यतेस महत्त्व दिले. जे हस्तलिखित ज्या ठिकाणी सुवाच्य, तेथे त्याचा पाठ उचलावा, असे केले नाही. संगणक नेमके हेच दुसरे करतो. त्याला सुवाच्य तेच ग्राह्य वाटते.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. ताम्रपटाचे उदाहरण घ्यावे. कडा उचललेल्या, अक्षरे खोल कोरलेली, मुद्रा वर आलेली. अशी वस्तू एका फोकसमध्ये मावत नाही, म्हणून चळत करण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण धातू गंजल्याने पडलेला बारीक खळगा आणि अनुस्वाराचा बिंदू यांत संगणक भेद जाणत नाही. तीव्रता वाढविणाऱ्या रीतीने असा खळगा ठसठशीत केला, तर ‘वश’ चा ‘वंश’ होण्यास वेळ लागणार नाही, आणि ज्याने मूळ पत्रा पाहिलाच नाही तो वाचक त्या बिंदूवर वंशावळीचा एखादा निष्कर्ष उभारील. मूळ वस्तू दूरच्या संग्रहात आणि चित्र मात्र टेबलावर, अशा स्थितीत आज बरेचसे वाचन होते.

रॉबर्ट हुक यांनी १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’ ग्रंथातील आकृत्या एका दृष्टिक्षेपात काढलेल्या नव्हत्या. निरनिराळ्या प्रकाशांत आणि स्थितींत वस्तू वारंवार तपासून तिचे खरे रूप उमगल्यावरच आपण रेखाटनास हात घातला, असे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. म्हणजे अनेक दर्शनांतून एक चित्र सिद्ध करणे नवे नाही, आणि ते कसे सिद्ध झाले हे सांगण्याचे कर्तव्यही नवे नाही.

म्हणून संशोधनपर लेखनात चळतीचे चित्र छापताना पुढील गोष्टी सोबत याव्यात: चित्रांची संख्या, मिलिमीटरांत पायरी, प्रतिमेचे प्रमाण, अ‍ॅपर्चर, प्रकाशाची दिशा, एकत्रीकरणाची रीत, आणि हाताने दुरुस्त केलेल्या जागा. चित्रात मोजपट्टी असावी. वाचनाचा मुद्दा वादग्रस्त असेल तेथे ती जागा ज्यात स्पष्ट आहे ते मूळ एकेरी चित्र शेजारी छापावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अंतिम चित्र तयार झाले म्हणून मूळ चळत पुसून टाकू नये. साठवणुकीची जागा वाचविण्यासाठी ती पुसली जाते तेव्हा संपादकाने हस्तलिखिते जाळून छापील प्रत तेवढी ठेवावी, तसे होते. पुढच्या अभ्यासकाला मग वाद घालण्यास केवळ आपला निर्णय उरतो, आधार उरत नाही.