मिसकॉलची ओळ

‘मिसकॉल द्या, आम्ही फोन करू’, आणि खाली ठळक आकड्यांत नंबर. गिऱ्हाइकाचा नंबर मिळवण्यासाठी केलेली वेब पानं मी एखाद्याने बंदिशी ऐकाव्यात तशी चवीने वाचत असतो. त्यांत यापेक्षा नेटकी रचना अजून सापडलेली नाही, आणि ही तर वेब पानावरची नव्हेच. ती खता-बियाण्यांच्या पत्रकांवरची. पुण्याच्या अ‍ॅग्रोस्टारने शेतीच्या निविष्ठा विकण्याचा धंदा सुरुवातीला उभा केला तो याच युक्तीवर: शेतकऱ्याने टोल-फ्री नंबरला मिसकॉल द्यायचा, कंपनीने उलटा फोन करायचा, माल गावात पोचवायचा. बिहार-झारखंडमध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरच्या ‘कान खजुरा टेसन’नेही तेच केलं. मिसकॉल आला की फिरून फोन, त्यावर गाणी-विनोद आणि मध्ये साबणाच्या जाहिराती.

ओळ नीट पाहा. पहिला अर्धा भाग मागतो, दुसरा लगेच कबूल करतो. नाव नाही, गाव नाही, पीक कोणतं नाही, ईमेल तर नाहीच. जे हवं ते फोन आपोआप घेऊन येतो. यवतमाळच्या कोरडवाहू पट्ट्यात डवरणी सोडून बांधावर टेकलेल्या माणसाला काही टाइप करायचं नाही. घंटी वाजली की कापायचं. खर्च शून्य, आणि पुढच्या बोलण्याचं बिल सर्वस्वी विकणाऱ्याच्या माथी. अगोदर खर्च करणारा माणूस जरा विश्वासाचा वाटतो, हे बिनबोललेलं गणित या ओळीच्या पोटात आहे. 2016 साली जिओ आलं, फोनवर बोलणं जवळपास फुकट झालं आणि पैसे वाचवण्याचं कारण संपलं. तरी मिसकॉल मागणाऱ्या जाहिराती संपल्या नाहीत, कारण न लिहिण्याची सोय उरलीच होती.

याचा अर्थ आपला शेतकरी लांबलचक फॉर्म भरत नाही, असा मुळीच नाही. 2025-26 च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी करायला लावली. आधार आलं, जमिनीची कागदपत्रं आली, कापसाच्या पेऱ्याची माहिती आली. लांब धाग्याला क्विंटलमागे त्या हंगामाचे 8110 रुपये मिळणार असतील तर माणूस कॉलेजातल्या पोराला शेजारी बसवून तेही भरतो. गरज कुणाला आहे, यावर रकान्यांची संख्या ठरते. खाजगी धंद्याने सरकारी रकान्यांची ऐट आणली की पान तिथेच मेलं.

समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या एखाद्या कृषी केंद्राला नंबर मिळवणारं पान करायचं आहे. मी मथळ्यात दुकानाचं नाव घालणार नाही. ‘कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली की नाही, हे कसं ओळखाल?’ एवढंच. खाली उत्तरही उघड, नंबर न मागता: पेरणीनंतर साधारण 45 दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे लावा, सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ पतंग सापडले तर अळीने नुकसानीची पातळी गाठली. सोबत सापळ्याचा एकच फोटो, तोही हलका, म्हणजे रेंज जेमतेम असली तरी उघडेल. मग रकाना, फक्त मोबाइल नंबराचा. त्यावर बोट ठेवताच आकड्यांचाच कीपॅड यावा. बटणावर ‘सबमिट’ नको. ‘पतंग मोजले, आता सल्ला हवा’ असं असलं की दाबणाऱ्याला आपण काय मागतोय ते कळतं.

‘आजच औषध मागवा’ हे बटण मात्र मला या जिल्ह्यात सहन होत नाही. 2017 मध्ये बोंडअळीच्याच हंगामात इथे फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्या ठिकाणी घाई लावणारी लाल पट्टी आणि उलट मोजणारं घड्याळ म्हणजे केवळ वाईट रचना नव्हे, वाईट चाल आहे.

आता त्या मिसकॉलच्या ओळीतली उणीव. फोन कोण करणार, कधी करणार, नंबर आणखी कुणाच्या हाती जाणार, यातलं ती काहीच सांगत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हे मोघमपण चालणार नाही असं ठरवलं: माहिती कशासाठी घेतोय ते साध्या भाषेत सांगायचं, ते मराठीत वाचण्याचा पर्याय द्यायचा आणि संमती माणसाने स्वतः द्यायची, आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटीतून नव्हे. बहुतेक पानं हा मजकूर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत तळाशी ढकलतात. मी तो बटण दाबल्यावर येणाऱ्या पानावर पुन्हा, मोठ्या अक्षरांत घेईन: ‘संध्याकाळी सातनंतर आमच्या कृषी सल्लागाराचा फोन येईल. नंबर दुसऱ्या कुणाला देणार नाही. फोन नको असेल तर इथे दाबा.’

शेवटच्या वाक्याला दुकानदार हमखास अडतो. नाही म्हणायची सोय दाखवली तर लोक नाही म्हणतील, ही त्याची भीती. म्हणतील काही. पण ते तसेही आपला फोन उचलणार नव्हते; त्यांच्यामागे फोन फिरवण्यात सल्लागाराचा पगार कशाला जाळायचा?